टेकडीवरची घाणेरी काढणाऱ्या आमच्या गटाचे काका थांबताहेत. पुढे काय?

भारंगी

नमस्कार मंडळी. एरवी वाचनमात्र असते, पण इथे झाडापानांतले जाणकार बरेच आहेत, आणि संस्था-मंडळं चालवून हात पोळलेले त्याहून जास्त. म्हणून धागा काढतेय.

पुण्यातल्या एका टेकडीवर आम्ही काहीजण रविवारी सकाळी घाणेरी (लँटाना) आणि सुबाभळीची, गिरिपुष्पाची रोपं काढायला जातो. तिन्ही बाहेरून आलेली. टेकडीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, ओळखणारे ओळखतीलच. गट नोंदणीकृत नाही. एक व्हॉट्सॅप ग्रुप, एका सोसायटीच्या मीटररूममध्ये ठेवलेल्या कुदळी-पहारी आणि काका, एवढाच आमचा संसार. काका निवृत्त सरकारी नोकर. त्यांनी एकट्याने सुरू केलं, मग फिरायला येणारे एकेक थांबत गेले.

आता गुडघे साथ देत नाहीत आणि ते मुलीकडे नाशिकला राहायला चाललेत. पाडव्याला त्यांनी सगळ्यांना चहाला बोलावलं आणि एका तिशीतल्या मुलाचं नाव जाहीर केलं. यापुढे हा बघेल, विषय संपला. मुलगा आयटीतला, उत्साही, तीनेक वर्षं नेमाने येतोय. पण अर्धा गट फुगून बसलाय. दोघांनी ग्रुप सोडला. काहींचं म्हणणं मी सांभाळावं. मला ते शक्य नाही, घरी सासूबाईंचं सगळं बघायचं असतं.

मुलगा वाईट नाही. खटका उडतोय तो कामाच्या पद्धतीवरून. त्याला पावसाआधी कंपन्यांची माणसं आणून 'टेकडी घाणेरीमुक्त' मोहीम करायचीय. काकांची रीत उलटी. घाणेरीचं एक झुडूप काढायचं तर ते आधी बुंध्याभोवतीची माती वीतभर मोकळी करणार. खोड आणि मूळ जिथे मिळतात तिथे एक जाडसर गाठ असते, ती बोटाने चाचपणार, आणि तिच्या खाली, मुळावर कुदळ घालणार. गाठ जमिनीत राहिली तर पावसाळ्यात दहा फुटवे आलेच म्हणून समजा. मग ते झुडूप उलटं करून, मुळं आभाळाकडे करून खडकावर ठेवायचं. ओल्या मातीवर पडलं तर फांदीलाही मुळं फुटतात. हे झालं एक झुडूप. त्याच जागी पुढचे तीन पावसाळे परत जायचं, कारण बुलबुल-साळुंक्या फळं खाऊन बिया टाकत असतात. ज्या झाडावर पक्षी बसतात त्याच्या खालची जमीन काका आधी बघतात.

त्यांची एक लांबट वही आहे. 'खाणीच्या वरची पट्टी. दुसरी फेरी. रोपं बोटभर. मारवेल आलं.' अशा नोंदी. (मारवेल म्हणजे इथलं गवत.) त्यातली निम्मी ठिकाणं फक्त त्यांनाच कळतात.

तुमच्याकडे असे बदल कसे झाले? माणूस गेला की काम राहतं का?

कुसळ

वाचतोय. धाग्याला शुभेच्छा. त्या वहीचे फोटो आधी काढून ठेवा, बाकी चर्चा नंतर.

हर्बेरियम

काका जे करतात त्याला शास्त्रीय नाव आहे. दिल्ली विद्यापीठाचे प्रा. सी. आर. बाबू आणि सहकाऱ्यांनी कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पात हीच पद्धत बसवली: फुटवे येणाऱ्या भागाच्या खाली मुख्य मूळ तोडायचं, झुडूप उलटं ठेवायचं, पक्षी बसतात तिथली रोपं पुढची काही वर्षं काढत राहायची आणि मोकळ्या जागेत स्थानिक गवत आणायचं. काकांनी कुठे वाचलं की करता करता सापडलं, विचारून घ्या. मला उत्सुकता आहे.

घाणेरी 1809च्या सुमारास कलकत्त्याच्या बोटॅनिकल गार्डनमध्ये शोभेचं झाड म्हणून आली. म्हणजे तिला दोनशे वर्षं मिळालीत आणि तुम्हाला पावसाआधीचे तीन आठवडे. मुक्तबिक्त काही होत नसतं.

दुसरा मुद्दा गर्दीचा. पुण्याच्या टेकड्या मुळात गवताळ. मधूनमधून सालई, मोई, गणेर, मेडशिंगी, आणि खाली डोंगरी, पवन्या, मारवेल. गिरिपुष्प लावलं गेलं ते सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या वनीकरणात, कारण खांदी खोचली तरी जगते आणि निकृष्ट जमिनीतही वाढते. आता त्याच्या दाट सावलीखाली गवत उभं राहत नाही. मे महिन्यात उघडी दिसणारी जमीन रिकामी नसते. खाली काळी मुसळी, सफेद मुसळी, रानकांदा असे कंद झोपलेले असतात. पहिल्या वळवाने वर येतात. त्यावरून दीडशे जोडी बूट फिरवायचे का, हे तुमच्या नव्या कारभाऱ्यांनी ठरवावं.

चष्मेबहाद्दर

मला हे स्थानिक-परकीय प्रकरण कधी झेपलं नाही. मिरची परदेशी, बटाटा परदेशी, टोमॅटो परदेशी, साबुदाणा ज्याचा होतो तो कसावाही परदेशी. उपास सोडणार का मग? गिरिपुष्पामुळे निदान टेकडी हिरवी दिसते. फेब्रुवारीत काय फुलतं ते! माझे वडील रोज त्या सावलीत बसतात. उद्या तुम्ही कुऱ्हाड घेऊन आलात तर पहिला विरोध माझा. आणि हे सगळं पाश्चात्त्य फॅड आहे असं माझं प्रामाणिक मत. ह. घ्या.

हर्बेरियम

@चष्मेबहाद्दर, हलकेच घेतलं, पण उत्तर देतो. 2023 मध्ये आयपीबीईएस या जैवविविधतेवरच्या आंतरशासकीय मंचाचा अहवाल आला. माणसाने जगभर इकडून तिकडे नेऊन रुजवलेल्या प्रजाती त्यांनी 37,000हून जास्त मोजल्या. त्यातल्या साडेतीन हजारांच्या वर त्रासदायक. म्हणजे सगळ्या नव्हेत, सुमारे दहात एक. मिरची कुंपण ओलांडून डोंगर व्यापत नाही, म्हणून तिच्याशी कोणाचं भांडण नाही. घाणेरी गुरं खात नाहीत, खाल्लीच तर आजारी पडतात, आणि तिच्या जाळीत गवत मरतं. गुराख्याला विचारा, पाश्चात्त्य फॅड आहे का म्हणून.

वडिलांच्या सावलीचा मुद्दा मात्र खरा आहे. वाढलेली गिरिपुष्पं तोडणं हा वेगळा विषय, त्यात परवानग्याही वेगळ्या.

पंचगंगाकाठचा

आमच्या गावच्या तळ्यातली जलपर्णी काढायची मोहीम झाली तेव्हा मी होतो. सगळं गाव उतरलं होतं. शाळेची पोरं, तालमीतली पोरं, ट्रॅक्टर, ढोल सुद्धा. एका आठवड्यात तळं आरशागत झालं. पेपरात फोटो. सत्कार. मग ज्यांनी हे उभं केलं ते गुरुजी बदली होऊन गेले आणि कडेला उरलेल्या चार वाफ्यांकडं कुणी बघितलं नाही. चांगलं पाणी आणि उन्ह मिळालं की ही बया पंधरा दिवसांत दुप्पट होती. गटाराचं पाणी येतच होतं, म्हणजे खतपाणी चालू. पुढच्या दिवाळीला तळं परत हिरवंगार. आता परत मोहीम करायची म्हटली की लोक म्हणतात, त्या वेळी काय उपयोग झाला?

गुरुजींच्या जागी दुसरा भारी माणूस हवा होता असं मला वाटत नाही. महिन्यातनं एकदा होडी घेऊन कडेनं फिरणारी दोन साधी माणसं नेमली असती तरी भागलं असतं. मोठ्या कामाला लोक मिळतात ओ, या बारक्या कामाला मिळत नाहीत.

कुसळ

+१. शेवटची ओळ आमच्या सोसायटीच्या पाण्याच्या टाकीलाही लागू.

वाऱ्याचं_गाव

शिकागोहून लिहितेय. इथे नॉर्थ ब्रँच नदीच्या काठाने 1977 पासून स्वयंसेवक प्रेअरीचे, म्हणजे इथल्या मूळच्या गवताळ रानाचे तुकडे परत उभे करताहेत. मी अलीकडची, जेमतेम कातरी धरणारी. इथला खलनायक बकथॉर्न. युरोपातून कुंपणासाठी आणलेलं झुडूप, शरदात बाकी सगळं गळून गेलं तरी हे हिरवंच. ते कापायचं आणि बुंध्याला औषध लावायचं, हे हिवाळ्यातलं काम.

जुने लोक 1996ची गोष्ट अजून सांगतात. वायव्य शिकागोतल्या रहिवाशांना वाटलं, ही मंडळी आमच्या घरामागचं जंगल तोडताहेत. चष्मेबहाद्दरांच्या वडिलांसारखेच लोक, वाईट हेतू कोणाचाच नव्हता. तक्रारी झाल्या, सभा झाल्या आणि काउंटीने स्वयंसेवकांच्या कामावर सरसकट स्थगिती आणली. बऱ्याच जागी काम लवकर सुरू झालं, पण काही भागांतली बंदी पूर्ण उठायला 2006 उजाडलं. दहा वर्षांत बकथॉर्न थांबून राहिलं नव्हतं.

भारंगीताई, तुमचे काका टेकडीवर फिरायला येणाऱ्यांशी बोलत असतील ना? ते काम आता कोण करणार, हे आधी ठरवा. ते वहीत नसणार.

भारंगी

@वाऱ्याचं_गाव, अगदी. काका येता-जाता निम्म्या लोकांशी थांबून बोलतात. कामाचा वेळ फुकट जातो म्हणून आम्ही चिडायचो. वनरक्षकाच्या मुलीच्या दहावीचे मार्क त्यांना माहीत असतात. शेळ्या घेऊन येणाऱ्या मावशी कुठे नवी घाणेरी उगवली ते त्यांनाच येऊन सांगतात, आम्हाला नाही.

नवा_भिडू

धागा कोणीतरी फॉरवर्ड केला. तो आयटीतला मुलगा मीच. ताईंनी संयमाने लिहिलंय, त्याबद्दल आभार. माझी बाजूही ऐका.

गटाचं सरासरी वय काढलं तर साठीच्या आसपास येईल. मी आलो तेव्हा माझ्या वयाचे सहाजण होते, आता आम्ही दोघं उरलो. का? कारण नवीन माणसाला पहिले सहा महिने 'हात लावू नको' एवढंच ऐकायला मिळतं. काकांना विचारलं की उत्तर ठरलेलं: बघत राहा, कळेल. मला कळलं, कारण मी चिवट आहे. बाकीचे ट्रेकला निघून गेले.

कुदळींचे दांडे मोडलेत. प्रथमोपचार पेटीत कालबाह्य मलम आहे. मागच्या वर्षी एका आजोबांना मधमाश्या चावल्या तेव्हा रिक्षा मिळेपर्यंत वीस मिनिटं गेली. पैसे कोण देणार? कंपन्या देतात, पण त्यांना दिवस हवा असतो, माणसं आणायची असतात. हा व्यवहार मला आवडतो असं नाही.

आणि मुख्य म्हणजे उत्तरेचा उतार. काकांच्या गतीने आपण वर्षाला जेवढं काढतो त्याहून जास्त तिकडे पसरतंय. हे कोणी मोठ्याने बोलत नाही. मी बोललो म्हणून वाईट झालो.

आजीचा_बटवा

मागच्या जुलैत एका कंपनीची माणसं आली होती त्या दिवशी मी होते. टी-शर्ट, ड्रोन, सगळा थाट. मन लावून काम केलं हो पोरांनी. पण दुपारी बघते तर ढिगात घाणेरीबरोबर काळ्या मुसळीच्या जुड्या! कोवळी पानं गवतासारखीच दिसतात, त्यांना कोण सांगणार? सांगायला आम्ही चारजण आणि ते शंभराच्या वर. वर जाताना प्रत्येकाला एक रोप लावायचं होतं, म्हणून गवताच्या पट्टीत खड्डे. त्यातली बरीचशी रोपं उन्हाळ्यात गेली. खड्ड्यांत आता सुबाभूळ उगवलीय, आयती भुसभुशीत माती मिळाली तिला.

मुलावर राग नाही माझा. त्या दिवशी सगळ्यात जास्त तोच राबत होता.

युकॅलिप्टसखाली

सिडनी. इथे घाणेरी हा राष्ट्रीय पातळीवरचा शत्रू आहे, त्यामुळे तुमचा धागा वाचताना घरचं वाटलं.

@नवा_भिडू, उत्तरेच्या उताराबद्दल. इथे मॉसमन भागात जोन आणि आयलीन ब्रॅडली या दोघी बहिणी साठच्या दशकात जवळच्या रानात तण काढायच्या. दोघी साध्या रहिवासी. त्यांनी जे तंत्र बसवलं ते आजही त्यांच्या नावाने ओळखलं जातं: सगळ्यात वाईट जागेवर तुटून पडायचं नाही. जिथे स्थानिक झाडोरा चांगला आहे तिथून सुरुवात करायची आणि वाईटाच्या दिशेने सरकायचं. माती कमीत कमी उकरायची. आणि वेग आपण ठरवायचा नाही, स्थानिक झाडं जेवढी जागा भरून काढतील तेवढंच पुढे जायचं. तुमच्या काकांना हे सांगितलंत तर ते म्हणतील, मग मी काय करत होतो?

अजून एक. इथे घाणेरीच्या जाळीत रेनसारखे छोटे पक्षी लपतात, घरटी करतात. एकदम सगळी काढली की ते उघडे पडतात, म्हणून टप्प्याटप्प्याने काढतात.

पण व्यवस्थेचा फरक मोठा आहे. इथे बऱ्याच नगरपालिका बुशकेअर (रान राखणाऱ्या) गटांना प्रशिक्षित पर्यवेक्षक देतात, पगारी. स्वयंसेवक येतात-जातात, ती व्यक्ती ठरलेल्या दिवशी हजर असते. तुमच्याकडे ते सगळं एका माणसाच्या गुडघ्यांवर उभं होतं.

चष्मेबहाद्दर

म्हणजे उत्तरेचा उतार सोडून द्यायचा? वा. आमच्याकडे कोपऱ्यातला कचरा असाच सोडून देतात.

हर्बेरियम

सोडून नाही, रोखून धरायचा. त्याच्या कडेने एक पट्टा साफ ठेवायचा, फळ धरायच्या आत कडेची झुडपं कापायची आणि साफ झालेलं परत जाऊ द्यायचं नाही. मनुष्यबळ कमी असताना दुसरा मार्ग मला माहीत नाही. नवा_भिडू यांचं निरीक्षण बरोबर आहे, निष्कर्ष घाईचा आहे.

आणि गर्दी वापरायचीच असेल तर गाजर गवतावर वापरा. पन्नासच्या दशकात पुण्यातच नोंदवलं गेलेलं हे तण. एका झाडाला हजारोंनी बिया. रस्त्याकडेच्या, आधीच बिघडलेल्या जमिनीवर वाढतं, ओळखायला सोपं, उपटायला सोपं. फुलण्याआधी, हातमोजे आणि लांब बाह्या घालून, कारण अंगावर पुरळ येतं. शंभर माणसं पायथ्याच्या रस्त्यावर कामाला लावा. मुसळीही सुखरूप, कंपनीही खूश.

निवृत्त_रेंजर

उशिरा आलो. बाकी सगळं ठीक, पण एक प्रश्न कोणीच विचारला नाही. परवानगीचं पत्र कोणाच्या नावावर आहे?

टेकडीवर वनविभागाची हद्द असेल तर राखीव वनात तोडणी, खोदाई, काही उचलून नेणं हे सगळं भारतीय वन अधिनियम 1927 खाली येतं. महापालिका हद्दीतल्या झाडांना 1975चा वृक्षसंरक्षणाचा कायदा आणि वृक्ष प्राधिकरण. पत्र काकांच्या नावावर असेल आणि काका नाशिकला गेले, तर तुमच्या हातात कुदळ आहे आणि कागद नाही. हेतू चांगला होता हे पंचनाम्यात लिहीत नाहीत.

नवीन अर्ज करा. दोन नावं घाला, एक जुनं, एक नवं. कोणत्या प्रजाती, कोणती जागा, कोणती अवजारं ते स्पष्ट लिहा. पोच घ्या, आवक क्रमांक टिपून ठेवा. आणि काका जायच्या आत नव्या माणसाला बरोबर घेऊन कार्यालयात जाऊन या. अर्धं काम त्या ओळखीने होतं, सांगतो.

शिळोप्या

अवांतर: दर ऑक्टोबरात टेकडीवरच्या पिवळ्याकेशरी फुलांचे फोटो 'आमचं कास' म्हणून फिरतात, तो कॉसमॉस पण मेक्सिकोचाच ना? आमच्या मेहुण्याने त्यात लोळून प्रीवेडिंग केलंय.

हर्बेरियम

@शिळोप्या, हो. मेहुण्याला सांगू नका, लग्न झालंय आता.

भारंगी

काल बैठक झाली, म्हणून उशिरा लिहितेय. निवृत्त_रेंजर यांचा प्रतिसाद मी मोठ्याने वाचून दाखवला. पत्र काकांच्याच नावावर निघालं, आणि त्याची मुदत कधीच संपलीय! काकांनाही माहीत नव्हतं, किंवा माहीत असून ते गप्प होते. त्यावर पाच मिनिटं कोणी भांडलं नाही, हेही नसे थोडके.

ठरलं ते असं. नवीन अर्ज त्या मुलाच्या आणि आजीचा_बटवा यांच्या नावाने. काका जाईपर्यंतचे रविवार त्यांनी कुदळ धरायची नाही. वही घेऊन टेकडी फिरायची, मुलगा बरोबर, फोनवर प्रत्येक जागेची खूण करत. काका म्हणाले, फोनची बॅटरी संपली की मग? मुलगा म्हणाला, मी वहीतही लिहितो. शेळ्यावाल्या मावशींकडे त्याला वेगळं घेऊन जाणार आहेत.

कंपनीचा एक दिवस होईल, पायथ्याला, गाजर गवतासाठी. वर कोणी जाणार नाही. खड्डे नाहीत. हे मुलाने कंपनीला कळवायचंय आणि त्यांना ते कितपत रुचेल शंका आहे. पैसे नाही मिळाले तर वर्गणी काढू. नवीन येणाऱ्याला पहिल्याच दिवशी एक लहान पट्टी द्यायची, तीन पावसाळे तीच त्याची. ही कल्पना मुलाची, आणि मला ती सगळ्यात आवडली. काकांना नाही आवडली. असो.

वाढलेल्या गिरिपुष्पांचा विषय काढलाच नाही. चष्मेबहाद्दरांच्या वडिलांना निरोप द्या.

ग्रुप सोडलेल्या दोघांपैकी एक परत आले. दुसरे नाही येणार, ते रोज शेजारच्या टेकडीवर जायला लागलेत.

चष्मेबहाद्दर

निरोप पोचवला. ते म्हणाले, पायथ्याच्या कामाला मीही येतो, पण चहा लागेल.

नवा_भिडू

चहा आहे. सकाळी साडेसहा, फुल बाह्यांचा शर्ट, हातमोजे आम्ही देतो. आणि कोणाला चांगले बाभळीचे दांडे कुठे मिळतात माहीत असेल तर कळवा, बाजारातले दुसऱ्या रविवारी मोडतात.

पंचगंगाकाठचा

दांडं आमच्याकडनं धाडतो. किती पाहिजेत?